वायवर्ण, क्रमांक एकशे सतरा

कुमुदताई खांबेटे भांडखोर आहेत, असं आमच्या बागेत सगळे म्हणायचे. होत्याच. त्यांच्या तोंडाचा पट्टा मीही सोसलाय. पण त्या कशासाठी भांडतात, हे विचारायची तसदी त्या ऑफिसात कुणी घेतली नाही, आणि याचा मला अजून संताप येतो. माझा स्वतःचाही येतो. का, ते पुढे सांगतो.

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, गुडगावच्या रस्त्यावर आमचं सरकारी वनस्पती उद्यान होतं. मी तिथे टायपिस्ट, त्या तांत्रिक सहायक. सगळ्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, म्हणून डबा एकत्र खायचो. त्या कोल्हापूरच्या एम.एस्सी. लग्न होऊन एकाहत्तर साली करोलबागेत आल्या, पाच वर्षांनी बागेत लागल्या आणि ज्या खुर्चीवर बसल्या त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. मागून आलेली पोरं शास्त्रज्ञ होऊन त्यांच्या डोक्यावर बसली. त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांचा जीव वहीत होता.

ही वही म्हणजे फुलोऱ्याची नोंदवही. बागेत नंबर घातलेली तीनशे चाळीस झाडं. दर बुधवारी त्या सगळ्यांना फेरी. धुकं असो, उन्हाळ्यातली लू असो, घरी पाहुणे असोत. कोणत्या झाडाला पालवी आली, कळी कधी धरली, पहिलं फूल कधी उमललं, सगळं पेन्सिलीने लिहायचं. असं सलग बावीस वर्षं. झाड उघडंबोडकं दिसलं की त्या फांदीची साल अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडायच्या. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. त्यामुळे त्यांचं ते नख कायम काळपट असायचं.

एकशे सतरा नंबरवर त्यांचं विशेष लक्ष. फाटकाजवळचा वायवर्ण. हिवाळ्यात त्याच्यावर पान राहत नाही, आणि मार्च संपता संपता पालवीबरोबरच पांढरी-पिवळी फुलं अशी येतात की खोड दिसू नये. "पद्माकर, या झाडाला वाट बघता येते. माणसाला येत नाही," त्या म्हणायच्या.

अठ्ठ्याण्णव साली बागेला उत्सवाचं खूळ लागलं. पलीकडे गुडगावात नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एका बिल्डरने वसंतोत्सवाचा खर्च उचलला होता. त्याच्या नावाच्या कुंड्या, त्यात पिटुनिया आणि डेलिया. हे सजवायला धीरज नावाचा एक लँडस्केपवाला आला. गुळगुळीत बोलणारा. एक दिवस तो कुमुदताईंच्या टेबलाशी येऊन चक्क बसला.

"मॅडम, फरवरी में जिन पेड़ों पर न पत्ता होता है न फूल, उनकी लिस्ट मिल जाएगी? प्लॅनिंग के लिए."

"बिल्कुल मिलेगी!" कुमुदताई म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्या वहीतलं काही मागायला आलेला हा पहिला माणूस. त्यांनी त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला. कशाचं प्लॅनिंग, हे विचारलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, लोकांसाठी पाट्या लावतील: हे झाड आत्ता झोपलंय, मार्चमध्ये या. दोन दिवस खपून त्यांनी तेवीस झाडांची यादी काढली. नंबर, नाव, जागा, फेब्रुवारीतली स्थिती, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा: केव्हा फुलतं.

ती यादी टाइप मी केली. कागदाच्या रुंदीत चारच रकाने बसत होते. दुसऱ्या पानावर घेता आला असता, पण जेवायची वेळ झाली होती.

"ताई, शेरा मावत नाहीये."

"असू दे रे. वहीत आहेच की. विचारतील तेव्हा दाखवू."

खाली त्यांनी सही केली, वर बागेच्या संचालकसाहेबांनी मंजुरीची. साहेबांनी कागद वाचला नाही. ते कुठलाच वाचत नसत.

पंचवीस फेब्रुवारीला महाशिवरात्र. ऑफिसला सुट्टी, पण वार बुधवार, म्हणून कुमुदताई उपाशीपोटी फेरीला गेल्या. फाटकातून आत शिरल्या तर वायवर्ण आडवा पडलेला. करवतवाले पुढच्या पांगाऱ्यापाशी पोचले होते. तोवर चौदा झाडं गेली होती. साहेबांना उत्सवाच्या फोटोत वाळकी झाडं नको होती.

त्या करवतीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मुकादमाने खिशातून कागद काढला.

"हम पर क्यों चिल्ला रही हैं मॅडम? साइन तो आप ही का है."

त्यांनी कागद पाहिला. मग ओंडक्याची साल नखाने खरवडली. आत हिरवंगार होतं.

पांगाऱ्याला पाठ लावून त्या दिवे लागेपर्यंत बसून राहिल्या. उरलेली नऊ झाडं वाचली ती तेवढ्यामुळे. दुसऱ्या दिवशी साहेब त्यांनाच म्हणाले, "लिस्ट आपने दी, कुमुदिनीजी." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी ती समोर बसलेली पाहिली, आणि दळणात हात माझाही होता. मी ताईंची माफी मागायला गेलो.

"आपलेच दात, आपलेच ओठ," त्या म्हणाल्या. "बादल्या आण."

तोडलेल्या वायवर्णाच्या फांद्या त्यांनी निवडल्या, खालची टोकं तिरकी कापली आणि सहा बादल्यांत उभ्या करून ऑफिसच्या पडवीत ठेवल्या. रोज पाणी बदलायचं, दर तीन दिवसांनी टोक थोडं कापायचं. पाणी मी भरत होतो. धीरज येता-जाता हसायचा. "मॅडम, लकड़ी को पानी दे रही हैं?" त्या पुढच्या फांदीचं टोक कापायला घेत. भांडखोर बाई महिनाभर गप्प होती, याची मला भीती वाटत होती.

बावीस मार्चला उत्सव, आणि त्यात पुष्परचनेची स्पर्धा. त्या सकाळी सहाही बादल्या फुलल्या होत्या. आम्ही त्या उचलून मंडपात, व्यासपीठासमोर नेऊन ठेवल्या. मधल्या बादलीला ताईंनी झाडाचा पत्र्याचा बिल्ला बांधला: ११७. साहेब येतील तेव्हा काय बोलायचं, ते त्यांनी घोटून ठेवलं होतं.

साहेब आले ते बक्षिसं ठरवायला बोलावलेल्या पाहुण्याबाईंना घेऊन. ताईंनी तोंड उघडायच्या आत बाईंनी टाळ्या पिटल्या. "हाउ नॅचरल! पुष्परचना में फर्स्ट प्राइज़ यही!"

"सर," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज साऱ्या मंडपाला ऐकू गेला, "ये वही पेड़ है जो मर गया था. जिसे आपने कटवाया."

साहेब खो खो हसले. "हमारी कुमुदिनीजी का मज़ाक!" लोकही हसले. फोटो निघाला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. वाटलं, एक बादली उचलावी आणि साहेबांच्या डोक्यावर रिकामी करावी.

प्रशस्तिपत्रक अर्थात मलाच टाइप करायचं होतं. ताई माझ्या मशीनशेजारी येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल, पण कोरडे.

"नाव तुमचंच ना?"

"माझं नको. त्याचं घाल. आणि पद्माकर, या वेळी शेरा गाळायचा नाही."

मी हिंदीत टाइप केलं. प्रथम पुरस्कार: वायवर्ण, क्रमांक ११७. त्याखाली शेरा: पंचवीस फेब्रुवारीस मृत ठरवून तोडला. बावीस मार्चला फुलला. दोन्ही ओळी नीट मावल्या. मावतातच.

कागद घेऊन मी साहेबांच्या गाडीपाशी गेलो. त्यांनी तो दारावर टेकवून सही केली. वाचला नाही. यादीवर केली होती तशीच.