चार टायमाला घासलेले दात

आईचे खालचे पुढचे चार दात हलायला लागले, तेव्हा मी तिला दातांच्या दवाखान्यात नेलं. वय झालं म्हणावं तर पन्नाशी नुकती ओलांडलेली. "माज्या आयच्या तोंडाचं बोळकं झालं, तसं माजं बी होनार," असं म्हणून ती हसायची, पण हसताना तोंडावर पदर धरायची. चारचौघांत बोळक्या तोंडानं बसायची तिला भीती वाटत होती. ती कबूल करेल तर शपथ!

मी पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगला आहे. शिफ्ट बदलून घेतली आणि आम्ही दोघी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "मावशी, दात रोज घासता ना?"

"घासते की. चार टायमाला."

"अरे वा! कधी कधी?"

"सकाली च्या पियाच्या आदी, मंग जेवल्याव, दुपारची पडून उठले का, आनि संध्याकाली."

बाई खूश झाल्या. दोनदा घासणारेही मिळत नाहीत म्हणाल्या. मग आईनं तोंड उघडलं आणि त्यांचं हसू गेलं. हिरड्या काळपट, दात सोडून खाली सरकलेल्या, मुळाशी दगडासारखं कीटण. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी भिंतीकडे.

आमच्याकडच्या बायका 'घासते' म्हणतात ते मशेरीला. भाजून काळी केलेली तंबाखू बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवर चोळत बसायचं. आई खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी तेच दात घासणं. ब्रश घरात होता, तो माझा. मी सांगून टाकलं. आईनं असे डोळे वटारले, की बाई नसत्या तर पाठीत धपाटाच बसला असता.

"तंबाखूनं हिरडी बधिर होते, म्हणून बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "आत हाड झिजतंय ते कळतच नाही." त्यांनी कीटण काढलं. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेला तिरका धरा, हलक्या हातानं फिरवा, सकाळी आणि झोपताना. मशेरी आजपासून बंद.

तिसऱ्या दिवशी आई मोरीतून ओरडली, "बघ गं बये, तुज्या बुरशानं रगत काडलं! मशेरीनं येक थेंब कदी न्हाय आला." चुळीचं पाणी खरंच लाल होतं. मीही घाबरले. फोन केला, तर बाई म्हणाल्या, हिरड्या आधीपासूनच सुजलेल्या आहेत, तंबाखूनं रक्त दाबून धरलं होतं. घाबरून घासायचं सोडू नका, त्यानंच थांबेल.

पुढचे पंधरा दिवस घरात नुसती आदळआपट. आईला मशेरीवाचून काही सुचत नव्हतं, भांडी आपटत होती, मला टाकून बोलत होती. एकदा माझंही डोकं फिरलं. "नको घासूस, बस बोळकं घेऊन!" म्हणाले. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. ती मोरीत गेली आणि ब्रश फिरवत उभी राहिली.

दोन महिन्यांनी दाखवायला गेलो. रक्त थांबलं होतं, हिरड्या धरायला लागल्या होत्या. चारातले दोन दात घट्ट झाले. उरलेल्या दोन दातांना हाडच राहिलं नव्हतं, ते काढावे लागले.

"लवकर आणलं असतं तर हेही वाचले असते," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. मग जरा रागानंच विचारलं, "मशेरी घरात आणून कोण देत होतं?"

आईच्या तोंडात कापसाचा बोळा होता. तो दातांखाली दाबून धरत ती घाईघाईनं म्हणाली, "मीच. मीच आनायची."

दर शनिवारी कामावरून सुटल्यावर नाक्यावरच्या दुकानातून पुडी आणायचे ती मी. तिनं मागायच्या आधीच.