टॉवेल टाकून धरलेली जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कराड-तासगाव एसटीत बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणारा एक म्हातारा रोज खिडकीतून टॉवेल टाकून माझी जागा धरायचा. मी त्याला उझबेकिस्तानचा इतिहास वाचून दाखवायचो. सिकंदर, चंगेजखान, तैमूर, झार. तो डोळे मिटून ऐकायचा, आणि बाहेरच्या द्राक्षबागा मला समरकंदच्या वाटायच्या.

"राजं लय झालं, गुरुजी. पण तिथल्या लोकास्नी सोताचं राज कवा मिळालं?"

"शेवटच्या प्रकरणात आहे. उद्या वाचू."

दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्या शाळेतले शिक्षक होते. "काय सर, विद्यार्थी जागा धरून बसलाय की!" मी ओशाळून त्यांच्यातच बसलो. तासगाव येईपर्यंत म्हाताऱ्यानं टॉवेलावर कुणाला बसू दिलं नाही.

त्याच आठवड्यात हंगाम संपला. तो पुन्हा दिसला नाही.

तिथले लोक स्वतंत्र झाले, हे त्याला सांगायचं माझ्याकडे राहिलंय.