आठवी वाटणी

त्या फ्रेंच बाईनं तीस वर्षं टीव्हीसाठी माहितीपट केले आणि तिचा नियम एकच होता: ज्याचं चित्रण, त्याचा शब्द शेवटचा. कुणी ‘हे दाखवू नका’ म्हटलं की ती ते काढून टाकायची, मग ते कितीही सुंदर असो. सुरुवातीला ती बातम्या करायची. एकदा पुरात घर गेलेल्या बाईला तिनं कॅमेऱ्यासाठी पुन्हा रडायला लावलं, आणि महिन्याभरात नोकरी सोडली. धुळ्याहून पिंपळनेरकडे जाताना गाडीत तिनंच मला हे सांगितलं. मी जळगावचा, फ्रेंचच्या शिकवण्या घेणारा. खान्देशात फ्रेंच शिकून काय दिवे लावणार, असं म्हणणाऱ्यांना आता उत्तर मिळालं म्हणून मी खुशीत होतो. माहितीपटाच्या शेवटी दुभाषा म्हणून माझं नाव झळकणार होतं.

तिला कानबाईचा, खान्देशातल्या देवीचा श्रावणातला सण चित्रित करायचा होता. पिंपळनेरजवळच्या एका शेतकरी घरातल्या अक्कांनी होकार दिला. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं ठरलेल्या मुठी गहू मोजतात, आणि ते रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत. आम्हालाही दिले नाहीत. पाहुणचार मात्र असा केला की गाडीत बसताना मला पट्टा सैल करावा लागला.

सणाच्या आदल्या दिवशी अक्का कॅमेऱ्यासमोर गहू मोजत होत्या. घरात पुरुष सात. अक्कांनी एकेकाचं नाव घेत सात वाटण्या सुपात टाकल्या. मग नाव न घेता आठवी टाकली. मी विचारलं तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “मोठा पोऱ्यानी. त्याना वाटाना रोट मीच खास.” मोठ्या मुलाच्या वाट्याचा रोट त्या स्वतःच खात; त्यानं जातीबाहेर लग्न केलं होतं. आबांनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, त्याचं नाव घरात काढायला बंदी केली होती. मग त्या म्हणाल्या, “भाऊ, हाई दखाडू नको, तिले सांग. घरमा कोनलेच मालूम नही.”

“काय म्हणतात?” बाईनं विचारलं.

मी मुलाचं सांगितलं. ‘दाखवू नको’ हे सांगितलं नाही.

विसरलो असतो तर निदान आज स्वतःला माफ करता आलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. ते सांगितलं की आठवी वाटणी जाणार आणि मागे उरणार निव्वळ सणाची गंमत, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. फ्रान्समध्ये कोण मुठी मोजत बसणार, अशी मी मनाची समजूत घातली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माहितीपटाचं नावही तिनं ‘आठवी वाटणी’ ठेवलं. तिच्या आजवरच्या कामात तो सर्वांत चांगला ठरला, असं तिनं मला कळवलं.

फ्रान्समध्ये मुठी कुणी मोजल्या नाहीत. पण अक्कांची पुतणी धुळ्याला कॉलेजात, तिनं माहितीपट मोबाइलवर शोधला आणि कौतुकानं सगळ्या भाऊबंदांना पाठवला. आमच्याकडे कानबाईचे गहू मोजताना पाहिलं की कुणीही मनातल्या मनात मोजतंच.

गेल्या श्रावणात मी पुन्हा तिथं गेलो. आबा कुणाला काही बोलले नव्हते. त्यांनी फक्त गहू मोजायचं काम धाकट्या सुनेकडे दिलं होतं. सून ओसरीवर नावं घेत मोजत होती, आणि अक्का भिंतीला टेकून तिच्या हाताकडे पाहत होत्या. सात झाल्यावर सुनेनं सूप उचललं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अक्कांनी मला जवळ बसवलं. “भाऊ, ती बाई खोटी निंघनी का रे? तुनी तिले सांगेल व्हतं ना?”

आयुष्यभर जिनं एक शब्द पाळला, तिच्यावर तो मोडल्याचा आळ येत होता आणि तो पुसायला जगात मी एकटाच होतो.

“हो अक्का,” मी म्हणालो, “सांगितलं होतं.”

“मंग तू काय करशी,” त्या म्हणाल्या, आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.