मोऱ्याला गेलेला गुण्या

आमच्या वर्कशॉपमध्ये हत्यार मागायचं नसतं, घ्यायचं असतं. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते आणि ती एकमेकांकडे बघतात. आजवर त्यांना ‘विचारल्याशिवाय हात लावू नको’ एवढंच शिकवलेलं असतं. मग मी भिंतीकडे बोट दाखवते. भिंतभर पिवळा रंगवलेला प्लायवूड आहे. प्रत्येक हत्यार आपापल्या खिळ्यावर लटकलेलं असतं आणि ते काढलं की मागे त्याच्याच आकाराची काळी आकृती दिसते. पान्यामागे पान्याची, हातोडीमागे हातोडीची. काय जागेवर नाही हे दारात उभं राहूनसुद्धा कळतं.

मी फिटरचं काम शिकवते, नवीन पनवेलमधल्या एका छोट्या प्रशिक्षण संस्थेत. त्याआधी तळोज्याच्या कारखान्यात बरीच वर्षं हातात कानस घेऊन उभी होते. माझा राग नाकावर असतो, हे मी सांगायला नको. माझे विद्यार्थी ते स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही सांगून ठेवतात. आणि घरी मी सांडशीच्या मागेही काळी आकृती काढली आहे, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. ते खोटं आहे. मी फक्त किसणीच्या मागे काढली आहे.

मी इथे आले तेव्हा सगळी हत्यारं लोखंडी कपाटांत कुलूपबंद होती. सकाळी चावी यायची, मग रजिस्टर यायचं, मग मुलं रांगेत उभी राहायची. कपाटाच्या आत मात्र सगळा सावळा गोंधळ. हातोड्यांच्या ढिगाखाली कानशी, कानशींखाली पाने, आणि सगळ्यांच्या तळाशी बिचारे गुण्ये. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. त्याला फुलासारखं जपावं लागतं, आणि इथे त्याच्या छाताडावर हातोड्या बसलेल्या. ते बघून मला खरंच रडू आलं होतं. मग राग आला, आणि राग आला की माझ्या हातून कामं होतात.

पहिल्या तुकडीकडून मी भिंत करून घेतली. आकृत्या मुलांनीच काढल्या. आणि प्रत्येकाचं पहिलं काम म्हणून पितळेचा बिल्ला करायला लावला: पत्रा कापायचा, कडा घासायच्या, भोक पाडायचं, त्यावर आपला नंबर ठोकायचा. हत्यार काढलं की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला लावायचा, हत्यार परत ठेवलं की बिल्ला खिशात. माझाही बिल्ला आहे. त्यावर नंबर नाही, नुसता एक ठिपका आहे. कारखान्यातली माझी पहिली कानस मी इथेच भिंतीवर सगळ्यांसाठी लावून टाकली, आणि ती घ्यायची झाली तर मीसुद्धा बिल्ला लावते.

संध्याकाळी एकजण भिंतीसमोर उभा राहून मोठ्यानं ओरडतो, “भिंत भरली!” तोवर कुणी घरी जायचं नाही. मुलं उरणहून येतात, पळस्प्याच्या पलीकडून येतात, सगळ्यांचा जीव बसमध्ये अडकलेला असतो. त्यामुळे एखादा पाना बेंचखाली राहिला तर मला तोंड उघडावंच लागत नाही. बाकीचे त्याचा जो उद्धार करतात, तो मला जमणार नाही.

आमच्या प्राचार्यांचा भिंतीवर विश्वास नव्हता. सज्जन गृहस्थ, पण कुलपात वाढलेले. “मॅडम, वस्तू उघडी दिसली की हात जातोच,” ते म्हणायचे. शेवटी एका वर्षी त्यांनी मुलांसमोरच सांगितलं, “दिवाळीपर्यंत बघतो. एक हत्यार जरी गेलं, तरी भिंत उतरवायची आणि कपाटं परत.” मी म्हटलं, “मान्य.” इतक्या ठसक्यात म्हटलं की मुलांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीला नख लागलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी कामावर यावंसं वाटलं नसतं, हे मात्र मी कुणाला बोलले नाही.

मग दसरा आला. दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी काम नाही. सगळी हत्यारं भिंतीवरून उतरवायची, रॉकेलनं पुसायची, बेंचवर पांढऱ्या चादरीवर मांडायची, हळदकुंकू लावायचं. ड्रिल मशीनला झेंडूची माळ. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि हत्यारं तशीच चादरीवर ठेवून दार बंद होतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी ती परत भिंतीवर चढतात.

घरी, विचुंब्याला, आमची पूजा ठरलेली असते. नवऱ्याची स्कूटर, मुलीचा लॅपटॉप आणि माझ्या नावानं विळी. मांडते मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

सुट्टीनंतर त्या सकाळी मुलांनी हत्यारं चढवायला सुरुवात केली. झेंडूच्या पाकळ्या झटकत, हसत-खिदळत. तेवढ्यात प्राचार्य आपट्याची पानं घेऊन सगळ्यांना सोनं द्यायला आले. चादर रिकामी झाली. भिंत भरत आली. आणि वरच्या रांगेत एका गुण्याची काळी आकृती तशीच राहिली. तिच्या खिळ्यावर एक बिल्ला लटकत होता.

काय झालं असणार ते लगेच कळलं. पूजेच्या दिवशी सगळ्याच आकृत्या उघड्या होत्या, आणि भरलेल्या भिंतीवर जी रिकामी जागा ओरडून सांगते, ती रिकाम्या भिंतीवर कुणाला दिसणार? वर्षातल्या त्या एका दिवशी आमच्यात कुणी “भिंत भरली” म्हणत नाही.

बिल्ला मोरा गावाहून येणाऱ्या मुलीचा होता. उरणजवळच्या मोऱ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, अबोल, हात अतिशय साफ. ती त्या दिवशी आलीच नव्हती.

प्राचार्यांनी आकृतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातातली आपट्याची पानं परत खिशात ठेवली. “मॅडम, आपलं ठरलं होतं.”

“बिल्ला लटकतोय, सर. म्हणजे गुण्या गेलेला नाही. तो तिच्याकडे आहे.”

“बिल्ला म्हणजे पत्र्याचा तुकडा.”

“पितळेचा. आणि तिनं स्वतः केलेला. चोरी करणारा माणूस आपला नंबर टांगून जात नाही.”

ते दाराकडे वळले. “संध्याकाळी मुलं निघतात, तेव्हा येतो. तोवर जागा भरली नसेल, तर उद्यापासून कपाट.”

मुलांनी तिला फोन लावले. एकही लागला नाही. दिवसभर कुणाचं कामात लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. दुपारी डबे उघडले तेव्हा पळस्प्याचा एक हुशार मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, बाजारात सेम टू सेम गुण्या मिळतो. मी बाईकवर जाऊन आणतो. सरांना काय कळणार?”

मी जी भडकले! “सरांना नाही कळणार. भिंतीला कळेल का? मला कळेल का? खोटा गुण्या लावून भरलेल्या भिंतीपेक्षा ते कपाट बरं!” त्याचा घास हातातच राहिला. बोलून झाल्यावर मात्र माझ्या मनात आलं, आणि ती आली नाहीच तर? मी घाबरले होते. पण तोंडावर ते दिसू दिलं नाही, एवढी वर्षं शिकवण्याचा तेवढा उपयोग होतो.

संध्याकाळी बाकीची हत्यारं जागेवर गेली. कुणी काही ओरडलं नाही. प्राचार्य आले, हातात कपाटांच्या चाव्या. आणि त्यांच्या पाठोपाठच, धापा टाकत, ती आली. छातीशी खणात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं.

तिनं खण उघडला. आत गुण्या. त्याला हळदकुंकू लावलेलं, पात्यावर तांदळाचा एक दाणा चिकटलेला.

“न विचारता नेलास?” प्राचार्यांनी विचारलं.

“सर, बिल्ला लावला होता,” ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

“पण घरी कशाला?” हे मी.

“मॅडम, आमचे घरान दसऱ्याला ज्याचं हत्यार त्यानं पूजेला ठेवायचं असतं. बाबाची जाळं शिवायची सुई, काकाचा इंजिनाचा पाना, आयचा कोयता. मी दरवर्षी नुसती फुलं वाहते. यंदा आय बोलली, तू पन आता काम शिकतेस ना, मग तुजं कुठं हाय?” तिनं गुण्या पुढे केला. “ज्यानं मी शिकते, तो नेला.”

“मग सकाळी का नाही आणलास?”

“आदी मोठ्यानं उचलायचं असतं, मग लहानांनी. बाबा बंदराच्या ड्युटीवरनं दुपारी आला. त्यानं सुई उचलल्याबिगर मना उचलता येत नाय. फोन भावाकडं, तो बोटीवर हाय.” मग तिची नजर प्राचार्यांच्या हातातल्या चाव्यांकडे गेली आणि चेहरा उतरला. “भिंत काढनार, मॅडम?”

ते माझ्या हातात नव्हतं. प्राचार्यांनी गुण्या घेतला, उलटसुलट करून पाहिला. “मोऱ्याला गेला, बसमधून परत आला. मापाचं हत्यार आहे हे, मॅडम. आता काटकोन राहिला असेल का?”

हा प्रश्न ऐकून मला दिवसभरात पहिल्यांदा हायसं वाटलं. या प्रश्नाचं उत्तर बोलून द्यायचं नसतं. मी मुलीला म्हटलं, “दाखव सरांना.”

तिनं सरळ कडेचा एक पत्रा बेंचवर ठेवला. कडेला गुण्या टेकवून टोकदार सळईनं एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. गुण्या बिघडलेला असेल तर दोन रेघा वर जाताना एकमेकींपासून फाकतात. तिच्या दोन रेघांची एकच रेघ झाली होती. प्राचार्यांनी चष्मा वर करून, वाकून पाहिलं. एकच.

“आता कपाटातला,” मी म्हटलं. कपाटाच्या तळाशी जुन्यांपैकी एक गुण्या अजून पडून होता. प्राचार्यांनी स्वतः कुलूप उघडलं आणि तो काढून दिला. मुलीनं तशाच दोन रेघा ओढल्या. खाली चिकटलेल्या, वर गेल्यावर मध्ये बोट मावेल एवढ्या लांब.

“हा कुठे बाहेर गेला होता का?” त्यांनी विचारलं.

“कधीच नाही, सर. कायम कुलपात.”

त्यांनी त्या दोन रेघांच्या मध्ये बोट ठेवून पाहिलं. मग त्यांनी चाव्या खिशात टाकल्या आणि त्याच खिशातून सकाळची आपट्याची पानं काढली. दिवसभरात मलूल झालेली. त्यांनी सोनं पहिलं त्या मुलीला दिलं. “लाव तो जागेवर,” ते म्हणाले, “आणि पुढच्या दसऱ्याला नेशील तेव्हा मॅडमना सांगून ने.”

तिनं कुंकू पुसलं नाही. गुण्या लावला, बिल्ला खिशात टाकला आणि आपणच ओरडली, “भिंत भरली!” पोरांनी एवढा दंगा केला की शेजारच्या वर्गातले बाहेर आले. मी खूश होते, पार आभाळात होते. पळस्प्याच्या मुलालाही मी सोनं दिलं. ते त्यानं जरा घाबरतच घेतलं.

पण घरी परतताना माझ्या डोक्यात भिंत नव्हती. त्या मुलीच्या आईचा प्रश्न होता. ‘मग तुजं कुठं हाय?’ इतकी वर्षं लोखंड घासून पोट भरलं मी, आणि माझ्या घरच्या पाटावर माझ्या नावानं विळी. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मीच मांडत आले होते.

पुढच्या दसऱ्याला आमच्याकडे नवी रीत सुरू झाली. पूजेनंतर ज्याला हत्यार घरी न्यायचं, त्यानं सगळ्यांसमोर बिल्ला लावून न्यायचं. पळस्प्याच्या मुलानं लोखंड कापायची हॅकसॉ नेली. मोऱ्याच्या मुलीनं तोच गुण्या नेला, या वेळी मला सांगून.

घरी मी पाट मांडला. स्कूटरला हार घातला, लॅपटॉपला कुंकू लावलं. मग पिशवीतून कानस काढून पाटावर ठेवली. मुलीनं बघितलं आणि विचारलं, “आई, विळी राहिली ना?”

“ती यंदा बाबांच्या नावानं मांड,” मी म्हटलं. “माझी ही आहे.”

नवऱ्यानं जाऊन विळी आणली आणि स्कूटरच्या किल्लीशेजारी ठेवली. मी कानशीवर हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडले. त्या वेळी वर्कशॉपच्या बंद दारामागे कानशीच्या आकृतीवर माझा ठिपक्याचा बिल्ला लटकत होता.