चार लोकांत बोलावं कसं

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. हिवाळ्यात एकदा आमच्या मोठ्या बाईंनी वरच्या वर्गातल्या मुलींना घरी भरीत-भाकरीला बोलावलं. वाढताना रिवाजाप्रमाणे त्या म्हणाल्या, "आज भरीत काही जमलं नाही गं." यावर काय बोलायचं हे शेंबड्या पोरीलाही कळतं. पण एक मुलगी मान वर करून म्हणाली, "हां बाई, मीठ भलतं व्हयी गये."

मीठ खरोखरच जास्त झालं होतं. मोठ्या बाई ओठ आवळून हसल्या आणि ते हसू बघून ही पोर आणखीच खुलली. मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं. हिशेबात हुशार, कवितेत हुशार. पण समोरच्याचा चेहरा म्हणजे तिला कोरी पाटी.

पुढच्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. पांझरेकाठी त्यांची शेती होती. मुलीचं लग्न झालेलं, पण ती अजून नांदायला गेली नव्हती. पागोटं काढून मांडीवर ठेवत ते म्हणाले, "बाई, अखाजी व्हयनी म्हंजे सासरना लोके तिले न्याले येतीन. तव्हढामा तिले चार लोकेस्मा बसानं-बोलानं शिकाडी द्या. तिनी मायनी तर हात टेकात."

"भाऊ, हे काय शाळेत शिकवायचं असतं?" मी म्हटलं. माझा स्वभाव तसा तिरसट. पण अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तीन-चार महिन्यांवर आली होती; शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेऊ लागले.

डोक्यावर पदर घेऊन मी सासू व्हायचे, कधी शेजारीण. मी तिला सांगितलं, कुणी बसल्या जागेवरून 'चहा टाकू का' विचारलं तर नको म्हणायचं, आणि उठून चुलीकडे वळत विचारलं तर बरं म्हणायचं. जेवायला थांब म्हटलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. निघताना 'जाते' कधी म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. चहाचं ऐकून तिनं विचारलं, "मंग ती सरळ का बरं सांगस नही?"

मी हसले. तीही हसली, कारण मी हसले तर हसायचं एवढं एव्हाना ती शिकली होती. ती बडबडीही फार होती. बैल, पांझरेचं पाणी, आईची भांडणं, सगळं काही मला सांगत राहायची. त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या.

अखाजी झाली आणि ती सासरी गेली. पावसाळ्यात तिच्या सासूचा भाऊ वारला. दारावर बसायला जाताना सासूनं नव्या सुनेलाही बरोबर नेलं. दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, मुकाट्यानं उठून चालू लागतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही; पोरी आयांच्या मागे बसून बघतात आणि शिकतात. हिनं मात्र त्या विधवा बाईला वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "येस हं मामी."

पुढं महिना उलटायच्या आत त्या घरातलं तान्हं मूल गेलं. मग काय, 'येते' म्हणून हिनंच मरण बोलावलं म्हणत सगळं खापर हिच्या डोक्यावर. दिवाळीच्या आधीच सासरच्यांनी तिला बापाच्या ओट्यावर आणून सोडलं.

मी भेटायला गेले तेव्हा ती कापसातली सरकी काढत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं आणि म्हणाली, "बाई, कोठे काय बोलानं नही, ते बठ्ठं सांगी द्या."

मी सांगू लागले. दुखवट्याचं सांगितलं, बाळंतिणीच्या खोलीतलं सांगितलं, आजाऱ्यापाशी काय बोलू नये ते सांगितलं. प्रत्येक गोष्टीला ती "आनि मंग?" म्हणे, आणि प्रत्येक वेळी मला आणखी एक आठवे. संपेचना. शेवटी तिनं हातातला कापूस खाली ठेवला. "मंग बोलानंच नही," ती म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. हिशेबाचं उत्तर सापडावं तसं तिला ते सापडलं होतं. "असं नसतं गं," मी म्हटलं, पण कसं असतं ते मला काही सांगता आलं नाही.

पुढं वडिलांनी पाय धरले, चार माणसं मध्ये पडली आणि सासरच्यांनी तिला परत नेलं. मी एकदा बाजारात तिला पाहिलं. "कशी आहेस गं?" विचारलं. तिनं पदर सावरला, वाकून नमस्कार केला आणि खाली बघत उभी राहिली. मी रडकुंडीला येऊन पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं तोंड उघडलं नाही.

आणखी दोनेक वर्षांनी तिची सासू शाळेत आली. बोट धरून एक लहान मुलगी होती, सारखी काही ना काही विचारणारी.

"सून भलती गुनी शे, बाई," सासू म्हणाली. "सांगं ते करस, तोंडमा शब्द नही. आमना गावमा बठ्ठा तिनं नाव काढतंस. हाई मनी धाकली पोर. हिले बी तशीच शिकाडा."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शिष्येची तारीफ ऐकून बाईंना आनंद झाला असं तिला वाटलं, आणि ती समाधानानं हसली.