हिलालने दिलेलं आवतण

धुळ्यात हिलाल सरांचा डान्स क्लास ब्याण्णव साली ऐन भरात होता. पोरं डोक्यावर फिरायची, हवेत पालथी होऊन पायांवर उतरायची. सर सगळं शिकवायचे, पण एका हातावर अंग तोलून घ्यायची ती फिरकी मात्र नाही. "ती मला नीट येत नाही," म्हणायचे. साफ खोटं! त्याच फिरकीवर तर त्यांनी पारोळा तालुक्यातल्या वराती गाजवल्या होत्या.

तेव्हा ते सर नव्हते, नुसता हिलाल होता. बँडने ठेका धरला की हिलाल हातावर फिरायचा आणि नवरदेव घोड्यावर ताटकळायचा. पोरगा व्हिडिओ बघून शिकला असं लोक म्हणत, आणि हा गडी गप्प बसे. व्हिडिओ बघून नाचणारे पारोळ्यात पन्नास होते. पलटी मारताना त्यांतले निम्मे तोंडावर आपटले होते.

हिलालला शिकवलं होतं नथ्थू डोंबाऱ्याने. हिलाल आधी धुळ्यातल्या एका व्यायामशाळेत गेला होता, पण तिथल्या मास्तरांनी "ही कसरत नव्हे, माकडचाळे" म्हणून चौथ्याच दिवशी हाकललं. मग बाजारात खेळ करणाऱ्या नथ्थूने त्याला हाताशी धरलं. जिनिंगच्या आवारात कपाशीचे ढीग लागत. त्या ढिगांवर दोन हिवाळे त्याने हिलालला पाडून पाडून तयार केलं. "पहिले पडानं शिक," म्हणायचा. आपल्या पोराला दिली नसती इतकी विद्या त्याने ह्या कुणब्याच्या पोराला दिली.

पुढे हिलालची सोयरीक निघाली. मुलीचे वडील भाईदास आबा, धुळ्याजवळचे शेतकरी, जुने तालीमबाज. मुलगा पाहताना त्यांनी विचारलं, "कोन्ती तालीमना शे तू?"

"धुळानी व्यायामशाळाना," हिलाल म्हणाला. चार दिवस गेला होता, तेवढंच काय ते खरं. आबा खूश झाले आणि सुपारी फुटली.

त्या आनंदाच्या भरात हिलालने घोडचूक केली. तडक नथ्थूच्या पालावर गेला, त्याला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि लग्नाचं आवतण दिलं. असं आवतण ज्याला मिळालं तो पंगतीला बसणार, मग तो कोणी का असेना. हे हिलालला ठाऊक नव्हतं थोडंच! पण लग्न मुलीच्या गावी, म्हातारा एवढ्या लांब येतो कशाला, असं त्याने मनाशी धरलं होतं.

म्हातारा आला. नवं धोतर नेसून, दाढी करून, पायी आला. पाहुणा म्हणून यायचं तर ढोलकी कशाला, म्हणून ती पालावरच ठेवली होती. मांडवाच्या तोंडाशी भाईदास आबांनी त्याला अडवलं.

"माले आवतण शे, आबा," नथ्थू म्हणाला. "मीच शिकाडं हिलालले."

आबा वळले. "जावाईबापू, वळखतस का तुम्ही ह्याले?"

हिलालने कपाळावरचं बाशिंग सावरलं. सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे बघत होता. "बाजारमा खेळ करस तो," तो म्हणाला. "त्याले काहीतरी खावाले द्या."

नथ्थूला मांडवाबाहेर, गाड्यांच्या चाकांपाशी पत्रावळ मांडली आणि वरण-बट्टी वाढली. तो सावकाश जेवला. मग हात धुतले, नव्या धोतराचा काचा मारला आणि मांडवासमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. आवतणाचं अन्न पाहुण्याचं असतं. देणाऱ्यानेच आवतण नाकारलं तेव्हा तो पाहुणा राहिला नव्हता, आणि फुकटचं खाणं डोंबाऱ्याला चालत नाही. ढोलकी नव्हती, म्हणून तोंडानेच बोल म्हणत, साठीच्या त्या माणसाने एक हात मातीत रोवला आणि फिरकी घेतली. एक, दोन, तीन! पंगतीतले लोक खरकट्या हातांनी उठून बघायला आले.

"आरे, हाऊ ते आपला हिलालसारखाच करस!" कोणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला.

उठावं, म्हाताऱ्याचे पाय धरावेत, हाच माझा गुरू म्हणून ओरडावं, असं हिलालला आतून वाटत होतं. त्याला कोणी धरून ठेवलं नव्हतं. तरी तो पाटावरून हलला नाही. स्वतःचीच त्याला इतकी किळस आली की समोरच्या ताटाकडे बघवेना.

धापा टाकत नथ्थू पुढे आला, वाकला आणि परक्या दात्याला करावा तसा हिलालला नमस्कार केला. "राम राम, मालक. जेवण फिटनं. जोडा सुखी ऱ्हावो." हात झटकून तो पारोळ्याच्या रस्त्याला लागला.

मंदा, नवी नवरी, शेजारीच खाली मान घालून बसली होती. नवऱ्याशी तिचं पहिलंच बोलणं. कौतुकाने, हळूच तिने विचारलं, "तुमले देखीसन शिकना का हाऊ?"

हिलाल म्हणाला, "हं."