एका मण्याला एक चमचा

९ ऑगस्ट १९९३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. निमगाव केतकीच्या शाळेतील पटकीच्या शिबिरात सलाईनची एकही बाटली उरली नव्हती, आणि चूक माझी, शिबिराच्या डॉक्टरची, होती. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्यांनाही, केवळ त्यांच्या हट्टापायी, मी आदल्या दिवशी बाटल्या लावल्या होत्या. आता समोर हिराबाई होती: डोळे खोल गेलेले, नाडी जेमतेम लागणारी, लघवी पूर्ण थांबलेली. ती पुन्हा सुरू झाली तरच हिराबाई वाचणार होती. बारामतीहून बाटल्या यायला संध्याकाळ होणार होती. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच असे मानणारी मी भिंतीला टेकून मनात म्हणाले, ‘कुणीतरी ये.’

सातच्या एसटीने बावड्याचे डॉक्टरतात्या उतरले. हात थरथरू लागल्यामुळे त्यांनी दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला होता.

“आपल्याला कोणी बोलावले?”

“बोलावल्यावरच जायचं ते लग्नाला, बाई.”

हिराबाईची सासू कुरकुरली, “सुई न्हाय, बाटली न्हाय. ह्यो म्हातारा काय करनार हितं?”

“चमचा हाय का, आक्का?” तात्यांनी खिशातून तुळशीची माळ काढली. “माझ्या हातनं सांडंल. तुमी साखरमिठाचं पाणी पाजा, मी मणी ओढतो. एका मण्याला एक चमचा. उलटी झाली तर थांबायचं, मग तितनंच पुढं.”

एकशे आठ चमचे, पाचशे चाळीस मिलिलिटर, अर्धा तास. हिशेब अचूक होता. बाटल्यांच्या नादात मीच तो विसरले होते.

पाचव्या माळेनंतर पुढच्या गावी निघताना त्यांनी माळ माझ्या हाती दिली. मला नामस्मरण येत नाही, असे मी सांगितले.

“आकडे म्हना. त्येलाबी चालतं.”

मी आकडेच म्हणत होते. सातव्या माळेत ते केव्हा सुटले आणि लहानपणी टाकून दिलेले विठ्ठलाचे नाव ओठांवर केव्हा आले, हे मला सांगता येत नाही. मी ते थांबवले नाही.

माळ परत करायला मी दोनदा बावड्याला गेले; दोन्ही वेळा ते साथीच्या कुठल्याशा गावी गेलेले होते. मग माझी बदली झाली. आज पाच वर्षांनीही एसटी थांबल्याचा आवाज आला की माझी मान दाराकडे वळते. ते कोणाच्या हाकेने आले, याचा शोध मी घेत नाही. हाक मी मारली होती, एवढे मला ठाऊक आहे. विद्या खरीच असते. ती माझी आहे, हा ताठा तेवढा सोडावा लागला. त्या दिवशीची नोंद अजून जपली आहे. हिराबाई, दुपारी बारा वाजून पाच मिनिटे. माळा नऊ. लघवी एकशे चाळीस मिलिलिटर.